चांदमारी

ज्या ज्या गांवीं एके काळीं लष्कराची छावणी होती, त्या त्या गांवाच्या कडेला ‘चांदमारी’ नांवाची एखादी जागा बहुधा आढळते. चांद म्हणजे निशाणाच्या मध्यावरील गोल, आणि त्याच्यावर गोळ्या झाडावयाची जागा ती चांदमारी. पुष्कळ ठिकाणीं आतां तेथें वस्ती झाली आहे, आणि नांव तेवढें मागें उरलें आहे. अशाच एका वस्तींतील गृहस्थांनीं या नांवाचा संबंध कोजागरीच्या चांदण्याशीं लावून आम्हांस मोठ्या रसिकतेनें समजावून दिला होता. त्यांच्या आनंदावर विरजण घालणें आमच्या जिवावर आलें. आमच्या जिल्ह्याच्या रायफल क्लबाची चांदमारी मात्र अद्याप खरी चांदमारी आहे. टेकडीचा मुरूम कापून केलेला उभा कडा, त्याच्या पायथ्याशीं निशाणें लावण्याच्या लांकडी चौकटी, त्यांच्यासमोर पन्नास मीटरांवर पत्र्याची शेड आणि शेडींत तागाच्या चटया. गेल्या मार्गशीर्षांतील एका रविवारीं आमच्या थोरल्या बंधूंच्या नातीसह आम्हीं तेथें एक सबंध दिवस घालविला. त्या दिवसाची हकीकत सांगतांना आमचा एक प्रमादहि सांगावा लागणार आहे. तो वगळण्याचा मोह आम्हांस झाला नाहीं असें नाहीं. पण ज्या मुलीसमोर तो घडला, ती हें मासिक वाचते.

आमच्या घरीं दोन रायफली होत्या. दोन्ही पॉइंट टू-टूच्या, म्हणजे ज्यांच्या नळीचें तोंड साडेपांच मिलिमीटरांहून किंचित् मोठें असतें अशा. पहिली आमच्या वडिलांची. इंग्रजांच्या मुलुखांत १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें सामान्य माणसास परवान्यावांचून शस्त्र बाळगण्याची बंदी केली होती, आणि त्या कायद्याविरुद्ध १८८७ च्या मद्रासच्या काँग्रेसपासून ठराव होत होते. वडील वकिली करीत ते एका लहानशा संस्थानांत. तेथें दरबारची मर्जी असली कीं काम भागे; आणि वडिलांवर ती होती. त्यांनीं बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीची मार्टिनी रायफल मागविली. बीएसए म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें सायकल उभी राहील. पण १८६१ सालीं ही कंपनी बंदुका करणाऱ्यांनीं काढलेली, आणि एकमेकींना टेकून उभ्या केलेल्या तीन रायफली हें तिचें चिन्ह होतें. मार्टिनींत एका वेळीं एकच काडतूस बसतें. चापाच्या मागची तरफ खालीं ओढली कीं आंतला ठोकळा खालीं झुकतो, त्याच्यावरून काडतूस पुढें सारावयाचें आणि तरफ वर करावयाची. दुसरी रायफल आमच्या दादांची, चेकोस्लोव्हाकियांतील ब्रनो गांवीं झालेली, पांच काडतुसांच्या मॅगझिनची. ज्या ब्रेन गनचें नांव आपण लष्कराच्या गोष्टींतून ऐकतों, तिच्या नांवांतील पहिलीं अक्षरें याच गांवाचीं आणि मागचीं एनफील्डचीं. १९९३ च्या पहिल्या दिवशीं चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले. दादांच्या रायफलीवर मात्र तें अखंडच राहिलें. २०२१ सालीं दादा गेले, आणि ती आमच्या परवान्यावर आली.

शस्त्राचा परवाना बाळगणें ही काय गंमत असते, तें ज्यानें बाळगला त्यालाच ठाऊक. निवडणूक जाहीर झाली कीं रायफली पोलिसांकडे ठेवावयाच्या, निकाल लागला कीं आणावयाच्या. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत लोकशाहीचा प्रत्येक उत्सव आमच्या घरीं असा साजरा होत असे. नूतनीकरण आतां पांच वर्षांनीं करावें लागतें, तें या वर्षीं आलें. आणि त्यासाठीं लागणारा वैद्यकीय दाखला देतांना डॉक्टरांनीं आमच्या डोळ्यांकडे जरा अधिकच वेळ पाहिलें. वय एकोणऐंशी. दोन्ही मोतीबिंदू काढलेले. आमचें कुटुंब तर केव्हांपासून म्हणत होतें, “या काठ्या एकदांच्या घराबाहेर काढा.” दादांचा मुलगा, म्हणजे या मुलीचा बाप, संगणकाच्या व्यवसायांत, त्याला शस्त्र नको, परवाना नको, आणि त्यासाठीं कचेरीची पायरी तर मुळींच नको. उरली नात. ती सतरा वर्षांची. आणि आपल्या कायद्याप्रमाणें एकविसावें वर्ष पूर्ण झाल्यावांचून कोणास स्वतःच्या नांवानें शस्त्र घेतां येत नाहीं. क्लबांत, देखरेखीखालीं, शिकतां मात्र येतें.

म्हणजे चार वर्षें कोणी तरी त्या रायफली सांभाळावयास हव्या होत्या. आपणच सांभाळूं, असा निश्चय मनांत करून आम्ही त्या दिवशीं निघालों होतों. तो कोणास बोलून दाखविला नव्हता. आपला हात अजून चालतो, हें तिला, आणि खरें म्हणजे स्वतःला, दाखवावें, मग घरीं परततांना विषय काढावा, असा आमचा बेत होता.

ही मुलगी तीन वर्षें दहा मीटरांची एअर रायफल चालविते. त्या खेळांत दहा गुणांची जागा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असतो. आम्हांस तो जवळून चष्मा लावूनहि नीट दिसत नाहीं. आमच्या पिढीस नेमबाजी म्हटलें कीं शिकारी आठवत. हिला माणसें आठवतात तीं निराळीं. २०१० सालीं म्युनिक येथें पन्नास मीटरांच्या पालथ्या नेमांत सहाशेंपैकीं ५९७ गुण मिळवून जगज्जेती झालेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत; आणि पॅरिसला १ ऑगस्ट २०२४ रोजीं ब्राँझपदक मिळविणारा राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे. तो अंतिम सामना आम्हीं दोघांनीं आमच्याच घरीं बसून पाहिला. गुडघ्यावर, मग पालथें पडून, मग उभें राहून, शेवटीं ४५१.४ गुण. शेवटच्या गोळ्यांच्या वेळीं ती इतकी निश्चल बसली होती कीं पुढ्यांतील चहावर साय धरली. सामना संपल्यावर ती म्हणाली, “धाकटे आजोबा, पन्नास मीटर मला खऱ्या काडतुसानं एकदा मारून बघायचंय.” आमच्या निश्चयाचें बीज तें.

सकाळीं साडेसातला आम्ही चांदमारीवर पोंचलों. गवतावर दंव होतें, आणि कड्याच्या माथ्यावर धुकें अडकून राहिलें होतें. क्लबाचे देखरेख करणारे गृहस्थ सैन्यांतील निवृत्त हवालदार. त्यांनीं परवाना पाहिला, वहींत ‘काडतुसें १००’ अशी नोंद केली आणि चटया झाडून दिल्या. रायफली गवसणींतून काढतांच नातीनें आपल्या पिशवींतून दोन केशरी दोरे काढले. नायलॉनचे, चांगले जाड. रायफल हातांत नसेल तेव्हां हा दोरा नळींतून आरपार घालून ठेवावयाचा, म्हणजे नळींत काडतूस नाहीं हें लांबूनहि दिसतें. हल्लीं सर्व स्पर्धांत तसा नियम आहे, असें तिनें सांगितलें. आम्हीं तो घातला. पण घालतांना आमच्या कपाळावर आठी होती. साठ वर्षें रायफल हाताळली. १९६३ सालीं, चीनच्या आक्रमणानंतर महाविद्यालयांत एनसीसी सक्तीची झाली तेव्हां थ्री-नॉट-थ्रीचा धक्का या खांद्यानें खाल्ला होता, आणि तो निळा डाग आईपासून आठवडाभर लपविला होता. आम्हांस आतां दोऱ्याची गरज काय?

पहिली पाळी तिची, मार्टिनीवर. ती पालथी झाली, डाव्या दंडाला पट्टा आंवळला, आणि मग बराच वेळ कांहींच झालें नाहीं. तिच्या स्वतःच्या रायफलीचा चाप शंभरएक ग्रॅम दाबानें सुटतो. वडिलांच्या मार्टिनीचा चाप तसा पोरांच्या हाताचा नव्हे. पहिल्या पांच गोळ्या सर्व खालीं डावीकडे, पण एका रुपयाच्या नाण्याखालीं झांकतील अशा जवळजवळ. दुर्बिणींतून पाहून आम्ही म्हणालों, “हात बरोबर आहे, माशी चुकली आहे.” तिनें मागच्या छिद्राचा स्क्रू फिरवून तें थोडें वर आणि उजवीकडे घेतलें. पन्नास मीटरांच्या निशाणावर दहाची जागा १०.४ मिलिमीटर व्यासाची, म्हणजे करंगळीच्या नखाएवढी असते. पुढच्या पांचांपैकीं तीन तेथें पडल्या. जी रायफल आमच्या वडिलांनीं कोर्टाच्या सुटींत नारळाच्या करवंट्यांवर चालविली, ती आपल्या पणतीच्या हातांत इतकी सुतासारखी चाललेली पाहून आम्हांस काय वाटलें तें लिहीत नाहीं.

मग आमची पाळी. मार्टिनीवर आमचें बरें चाललें, आणि त्याचें श्रेय आमच्याकडे नाहीं. तिला मागें बारीक छिद्र आहे, आणि बारीक छिद्रांतून पाहिलें कीं म्हाताऱ्या डोळ्यासहि जवळचें व दूरचें दोन्ही बऱ्यापैकीं स्पष्ट दिसतें. चष्मा विसरलेला माणूस मूठ वळून तिच्या फटींतून पाटी वाचतो, तीच युक्ति. दादांच्या ब्रनोला तें छिद्र नाहीं. मागें उघडी खांच, पुढें माशी. मोतीबिंदू काढून डोळ्यांत जें भिंग बसवितात तें एकाच अंतराचें. आमचें दूरचें आहे. निशाण स्वच्छ दिसे, आणि माशी म्हणजे धुक्यांतला खांब. सात गोळ्यांपैकीं दोन कागदावर सांपडल्या.

“वारा आहे थोडा,” नात म्हणाली.

गवताचें पातें हलत नव्हतें. आम्ही म्हणालों, “तुझा आजा असता तर असें खोटें बोलला नसता.” ती हंसली, पण पुढें कांहीं बोलली नाहीं.

आम्हीं हट्टानें मॅगझिनमध्यें पुन्हां पांच काडतुसें भरलीं. चार झाडलीं. चौथीनंतर संवयीनें बोल्ट मागें-पुढें केला, आणि तेवढ्यांत हवालदारांनीं “थांबा!” म्हणून हांक दिली. कुठलीशी शेळी कड्याच्या बाजूनें उतरून निशाणांच्या चौकटीपाशीं आली होती. आम्हीं मॅगझिन काढून घेतलें. पाहिलें तर रिकामें. तें उंच धरून आम्ही मोठ्यानें म्हणालों, “रिकामी!” आणि रायफल चटईवर ठेवून उठलों. हवालदारांचा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा शेळी हांकलावयास पुढें धांवत सुटला.

“दोरा नाही घातला,” नात म्हणाली.

“अगं, मॅगझिन हातांत आहे माझ्या. आणखी काय पाहिजे?”

यावर ती कांहीं बोलली नाहीं. चटईवर गुडघे टेकून, नळीचें तोंड बाजूच्या मातीच्या बांधाकडे वळवून तिनें बोल्ट मागें ओढला. पांचवें काडतूस उडून चटईवर पडलें आणि दोनदां गरगरून थांबलें.

बंदुकीची ज्यांस माहिती नाहीं त्यांच्यासाठीं सांगतों. बोल्ट पुढें सारला कीं मॅगझिनमधलें काडतूस नळींत जातें. शेवटचें काडतूस नळींत गेलें कीं मॅगझिन रिकामें दिसावयाचेंच. त्यावरून रायफल रिकामी ठरत नाहीं. ही गोष्ट पहिल्या दिवशीं शिकवितात. आम्हीं स्वतः निदान चार मुलांस ती शिकविली आहे. मुलगा तोंपर्यंत निशाणापाशीं पोंचला होता, आणि शेळीच्या मागें टाळ्या वाजवीत होता.

हवालदार आमच्याजवळ आले. त्यांनीं काडतुसाकडे पाहिलें, मुलाकडे पाहिलें आणि मग अत्यंत सौम्यपणें म्हणाले, “साहेब, तुम्ही आता दुर्बिणीवर बसा.” त्यांनीं रागें भरलें असतें तर तें आम्हांस सोपें गेलें असतें.

दुपारीं शेडीमागच्या करंजाखालीं आम्हीं डबे सोडले. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही. दशमीचा घास आमच्या घशाखालीं उतरेना. तेव्हां जी गोष्ट आम्हीं चौपन्न वर्षें कोणास, अगदीं कुटुंबासहि, सांगितली नव्हती, ती तिला सांगितली. १९७१ सालीं, जुन्या वाड्याच्या सोप्यांत आम्ही मार्टिनी साफ करावयास बसलों होतों. माजघराच्या दारांत आई तांदूळ निवडीत होती. रिकामीच आहे म्हणून आम्हीं चाप ओढला. गोळी आईच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर खांबांत शिरली. दादा धांवत आले, त्यांनीं आमच्या हांतून रायफल घेतली, तरफ खालीं केली, पुंगळी बाहेर पडली. आईला ते म्हणाले, “फटाका, आई.” आईनें सूप उचललें आणि ती आंत गेली. तिनें तें खरें मानलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. खांबाचें भोंक दादांनीं मेण आणि काजळी भरून बुजविलें. त्या विषयावर ते आमच्याशीं पुढें एक अक्षर बोलले नाहींत. मात्र त्या दिवसापासून मरेपर्यंत, आमच्या हातीं रायफल देतांना प्रत्येक वेळीं ते ती आमच्या डोळ्यांसमोर उघडीत, आणि आम्हीं आंत पाहिल्यावांचून हातची सोडीत नसत. आम्हांस त्या गोष्टीचा राग येई. वाडा पडला, खांब कोणी तरी जळणास नेला, तरी येई.

नात चटणींत दही कालवीत म्हणाली, “मला माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“खांबाची गोष्ट. आजोबांनी सांगितली होती. नाव नव्हतं सांगितलं. म्हणायचे, माझ्या ओळखीचा एक फार हुशार माणूस होता.”

आम्ही पुष्कळ वेळ टेकडीकडे पाहत राहिलों. दादा आमच्याविषयीं बाहेर असें कांहीं बोलत असतील याची आम्हांस कल्पना नव्हती; आणि त्यांतला ‘हुशार’ हा शब्द त्यांनीं कोणत्या सुरांत उच्चारला असेल, हें आम्हांस आतां कोणी सांगणार नाहीं.

उरलेला वेळ रायफल तिच्या हातीं आणि दुर्बीण आमच्या हातीं होती. उन्हें कलूं लागल्यावर उजेड मागून येऊं लागला, तशी निशाणें फार सुरेख दिसूं लागलीं. शेवटच्या दहा गोळ्यांत तिनें मार्टिनीवर ९१ गुण केले. ती स्वतः त्यावर नाखूष होती. आम्हीं सांगितलें कीं या रायफलीवर असे गुण आमच्या घरांत कोणी केले नाहींत. हें खरें आहे, आणि ते मोजले कोणीं नव्हते हेंहि खरें आहे.

काडतुसांचा हिशेब द्यावयाचा होता. तें एक काडतूस सबंध दुपार शेडींतल्या फळीवर उभें होतें. आम्ही म्हणालों, “झाडून टाक, शंभर पुरीं होतील.” ती म्हणाली, “नको.” हवालदारांच्या वहींत तिनें आपल्या हातानें लिहिलें: झाडलीं ९९, परत १. शेऱ्याच्या रकान्यांत कांहीं लिहिलें नाहीं.

परततांना विषय काढण्याचा बेत होता तो आम्हीं काढला नाहीं. तिनेंच काढला. चार वर्षें रायफली कोठें राहतील, असें तिनें विचारलें. परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलिसठाण्यांत शस्त्र ठेवण्याची सोय कायद्यांत आहे, तें आम्हीं सांगितलें. “मग विक्रेत्याकडे,” ती म्हणाली, “तिथं तेल तरी लावतील.” तिच्या आवाजांत मोठ्या माणसाचा व्यवहार होता, आणि आम्हांस तो बोंचला, पण दुसरें कांहीं सुचविण्याचा अधिकार आम्हीं सकाळीं साडेदहाच्या सुमारास गमावला होता.

मंगळवारीं आम्ही दोन्ही रायफली घेऊन विक्रेत्याच्या दुकानीं गेलों. नातीची परीक्षा होती, म्हणून एकटेच. त्यांनीं क्रमांक ताडून पाहिले, पावती केली. मग त्यांच्या माणसानें मार्टिनीची तरफ खालीं ओढली आणि नळींतून लोंबणारा केशरी दोरा पाहून विचारलें, “हा काढून देऊ का साहेब?”

“राहूं द्या,” आम्ही म्हणालों. “तो तिचा आहे.”